आधी घडी, मग मजकूर

प्रिय,

अनेक आशीर्वाद. झीनसाठी, म्हणजे स्वतः लिहून-छापून वाटायच्या छोट्या अंकासाठी, बारा विषय काढून ठेवले आहेत आणि त्यांतला कोणता घ्यावा हे ठरत नाही, असे तू लिहिले आहेस. विषय आज ठरवू नकोस. आधी ए-४ आकाराचा एक कोरा कागद घे, कारण मजकुराला जागा किती आहे हे एकदा डोळ्यांना दिसले की बारांतले दहा विषय आपोआप गळतात.

तो कागद तीनदा दुमडून उलगडलास की आठ घरे पडतील. आता तो आखूड कडा एकमेकींवर येतील असा अर्धा दुमड आणि दुमडलेल्या कडेपासून घड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथपर्यंत एकच चीर दे. मग पूर्ण उलगडून लांब कडा एकमेकींवर येतील असा दुमड आणि दोन्ही टोके एकमेकांकडे ढकल. चीर उघडते आणि आठ पानांची पुस्तिका हातात येते. प्रत्येक पान ७४ बाय १०५ मिलिमीटरचे असते, छपाई एकाच बाजूला लागते आणि गोंद किंवा पिन काहीच लागत नाही. तिच्यावर पेन्सिलीने पृष्ठांक घालून कागद पुन्हा उलगडून पाहा. एका ओळीतली चार पाने उलटी दिसतील, आणि मजकूरही तसाच उलटा मांडायचा असतो.

या कोऱ्या नमुन्याला मी इतके महत्त्व देतो, कारण माझ्या पहिल्या सोळा पानी अंकाच्या वेळी मी तो केला नव्हता. चार कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की सोळा पाने होतात, आणि कागदाच्या कोणत्याही बाजूवर शेजारी येणाऱ्या पृष्ठांकांची बेरीज सतरा भरते: सोळा आणि एक, दोन आणि पंधरा. बेरीज मी बरोबर केली होती, पण पाठपोट छापताना कागद चुकीच्या कडेवर उलटला आणि चाळीस प्रतींमध्ये प्रत्येक कागदाची मागची बाजू डोक्यावर उभी राहिली. त्या दिवसाचे वाईट मला अजून वाटते.

मजकूर हाताने लिहीत असशील तर काळे पेन वापर; फिकट पेन्सिल झेरॉक्समध्ये उमटत नाही आणि गडद छायाचित्राचा नुसता काळा डाग होतो. कडेला सेंटिमीटरभर समास सोड, कारण बहुतेक यंत्रे कागदाच्या अगदी काठापर्यंत छापत नाहीत.

राहिला विषय. अमेरिकेतले विज्ञानकथांचे वाचक आपले अंक स्वतः चक्रमुद्रित (सायक्लोस्टाइल) करून एकमेकांना टपालाने पाठवत, आणि १९४० मध्ये त्या अंकांना ‘फॅनझीन’ हे नाव मिळाले. ते अंक सर्वांसाठी नव्हते, ज्यांना त्याच गोष्टीचे वेड होते त्यांच्यासाठी होते. तुझ्या यादीतला ‘आजीच्या शिवणाच्या डब्यातली बटणे’ हा विषय मला म्हणूनच सर्वांत आवडला. ‘आजची तरुण पिढी’ या विषयावर कोणीही लिहील, ती बटणे मात्र फक्त तू पाहिली आहेस. एका पानावर एकच बटण घे, ते कोणत्या कपड्याचे होते ते दोन ओळींत लिही, आणि आठवत नसेल तर तसेच लिही.

वीस प्रती पुरेत. मलपृष्ठावर अंकाचा क्रमांक, महिना आणि वर्ष घाल. मूळ प्रत मात्र कोणालाही देऊ नकोस आणि तिची घडीही घालू नकोस. ती सपाट फायलीत ठेव, कारण झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत गेले की अक्षरे दर वेळी खराब होत जातात, आणि पुढच्या वीस प्रती तुला त्याच कागदावरून काढायच्या आहेत.

तुझा,
काका