मर्मर असलेलं पिल्लू घ्यावं का?

डॉक्टरांनी लॅब्रॉडॉरच्या पिल्लाच्या हृदयात मर्मर (ठोक्यांबरोबर ऐकू येणारा जास्तीचा फुसफुस आवाज) सांगितला म्हणून लगेच नाही म्हणू नकोस. पण विकणारा "मोठं झालं की जाते ते" म्हणतो म्हणून पैसेही देऊन टाकू नकोस.

मर्मरची तीव्रता 1 ते 6 अशी मोजतात, ती आधी विचार. 1-2 असेल तर पिल्लांमध्ये तो बरेचदा निरुपद्रवी असतो आणि चार-पाच महिन्यांपर्यंत जातो. 3 किंवा जास्त असेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी) केल्याशिवाय पुढे जाऊच नकोस. छातीवर तळहात ठेवून बघ. थरथर लागली तर प्रकरण गंभीर आहे. हिरड्या गुलाबी हव्यात, निळसर किंवा पांढुरक्या नकोत. भावंडं दंगा करत असताना हे मध्येच दमून बसतं का, तेही बघ.

तपासणी विकणाऱ्याच्या ओळखीच्या डॉक्टरकडे नको. नागपुरात सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचार. काही जन्मजात दोष शस्त्रक्रियेने बरे होतात, पण खर्च मोठा, तो आधीच घरी बोलून ठेव. आपल्याकडे मे महिन्यात धडधाकट लॅब्रॉडॉरही कूलरसमोरून हलत नाही, दुबळ्या हृदयाच्या जिवाला तर फार जपावं लागेल.

इको होईपर्यंत विकणारा थांबायला तयार नसेल, तर ते पिल्लू सोड.