करंजाच्या पानावर 'पित्त' उठतं का?

प्रश्न असा आलाय की इंग्रजीत गॉल म्हणजे पित्त, गॉलब्लॅडर म्हणजे पित्ताशय, मग झाडाच्या पानावर ज्या गाठी येतात त्यांनाही गॉलच का म्हणतात, आणि मराठीत 'वनस्पतींचं पित्त' लिहिलं तर चालेल का.

अजिबात नको बघा. हे दोन वेगळे शब्द आहेत, स्पेलिंग तेवढं एक झालंय. पित्तवाला गॉल हा 'यलो'चा भाऊबंद, आणि लई मागं गेलं तर आपले हरित, हिरण्य पण त्याच मुळातले निघतात. पित्ताचा ग्रीक शब्द 'खोले', तोही त्याच घरातला, त्यावरनंच कोलेस्टेरॉल हे नाव पडलं कारण तो पदार्थ आधी पित्ताच्या खड्यांतच सापडला. झाडावरचा गॉल आलाय लॅटिन 'गाला'वरनं, म्हणजे ओकच्या झाडावरची गाठ. १७८६ मध्ये शेले या केमिस्टनं त्या गाठींपासनं जे ॲसिड काढलं ते गॅलिक ॲसिड, त्यात पित्त कुठंच नाही.

आणि ही ओकची गाठ आपल्या घरात कायमची आहे! बाळगुटीतलं मायफळ. आपण फळ म्हणतो पण ते फळ नव्हंच, बारीक गांधीलमाशीसारखी एक माशी कोवळ्या फांदीत अंडं घालते, अळी आत वाढायला लागली की झाड तिच्याभोवती गाठ धरतं, अळीला खायला आणि राहायला तिथंच मिळतं. माझी आजी सहाणेवर उगाळायच्या आधी मायफळ फिरवून फिरवून बघायची आणि भोक असलेलं बाजूला काढायची. ते भोक म्हणजे माशी बाहेर पडल्याची खूण, आणि माशी निघून गेलेल्या मायफळात तुरटपणा कमी असतो हे खरंच आहे. औषधातली काकडशिंगी पण तसलीच, तिथं मावा गाठ करतो आणि आपण तिला शिंग म्हणून मोकळे झालो.

'पित्त' नको म्हणायचं खरं कारण वेगळंच आहे. आपल्याकडं मिसळ खाऊन जळजळ झाली की पित्त झालं, रागावला की पित्त खवळलं, अंगावर गांधी आल्या की पित्त उठलं. जळजळ तर बहुतेक वेळा जठरातल्या ॲसिडची, पित्ताशयात साठतो तो लिव्हरनं केलेला रस, पण बोलताना सगळं एकच. एवढं ओझं त्या शब्दावर आधीच आहे. राजारामपुरीत आमच्या दारातल्या करंजाची पानं बघा, पुळ्यांनी भरलेली असतात, आणि त्याला पित्त म्हटलं तर वाचणाऱ्याला वाटणार झाडाला ॲलर्जी आलीय. करंजावर तर ते काम माइटचं, म्हणजे तो कीटक पण नव्हे, कोळ्याच्या गोतातला जीव.

म्हणून झाडाला साधं 'गाठ' लिहा, पानावर असेल तर पानगाठ, किड्यांबद्दल लिहायचं तर 'गाठी करणारे कीटक'. भातावर गाठ करणाऱ्या माशीला शेतकऱ्यांनी 'गादमाशी' हे नाव दिलेलंच आहे, तिथं तेच वापरा.