शाल घरी ठेवा, सुया बरोबर घ्या

पत्र : माझे वय ६१ आहे. जूनमध्ये आम्ही दोघे मुलीकडे एडिंबरोला जाणार असून तिथून सगळे मिळून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, तळ्याकाठच्या एका घरात आठ दिवस निव्वळ विश्रांतीसाठी राहणार आहोत. डिसेंबरात भाचीचे लग्न आहे. तिच्यासाठी जाळीची शाल विणायला घेतली असून तिच्या अजून १८० ओळी बाकी आहेत. ती बरोबर नेते म्हटले, तर यजमान म्हणाले, "आठ दिवस तरी ती लोकर घरी राहू दे." मुलीचेही तेच मत आहे. पण मला रिकाम्या हातांनी बसवत नाही. माझे काही चुकते आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : सप्रेम नमस्कार. विणकाम तुम्ही जरूर न्यावे, मात्र ही शाल नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाळीची वीण माणसाला दुसरीकडे लक्ष देऊ देत नाही. दोरा पुढे घ्यायचा, दोन टाके एकत्र विणायचे, पुन्हा दोरा पुढे. आणि मध्येच कोणी "अगं, ते हरीण बघ" म्हणाले की आपण मान वर न करता "थांबा, एवढी ओळ होऊ द्या" असे म्हणतो, आणि ओळ होईपर्यंत हरीण निघून गेलेले असते. यजमानांचा राग लोकरीवर नसून या 'थांबा'वर असावा, अशी मला दाट शंका आहे. शिवाय लग्नाची तारीख डोक्यावर घेऊन केलेले काम विश्रांती कसे ठरेल? रोज संध्याकाळी चार ओळी धरल्या तरी १८० ओळींना ४५ संध्याकाळी पुरतात आणि जूनअखेर परतल्यावर तुमच्या हाती पाच महिने आहेत. सहलीमुळे बुडतील त्या फक्त ३२ ओळी.

तिकडे न्यायला साधा मफलर घ्या : चाळीसएक टाके, जाड लोकर आणि सगळ्या ओळी सुलट. असे काम बोटे आपोआप करतात, डोळे आणि कान घरच्यांसाठी मोकळे राहतात आणि ओळीच्या मध्यावरही ते खाली ठेवता येते. सुया बांबूच्या घ्याव्यात, कारण धातूच्या सुयांची टकटक शांत घरात इतरांना फार जाणवते. दोन टोके लवचिक तारेने जोडलेली सर्क्युलर सुई मिळाली तर उत्तमच. तिच्यावर सपाट वीणही विणता येते, तयार झालेल्या भागाचे वजन मांडीवर राहते आणि गाडीत शेजारच्याला कोपर लागत नाही.

विमानतळाविषयी तुम्ही विचारले नाही, पण पुढे प्रश्न येईलच. ब्रिटनमध्ये विणकामाच्या सुया हातातल्या सामानात चालतात, आणि पाती सहा सेंटिमीटरपेक्षा लांब नसतील तर कात्रीही चालते. तरीही प्रत्येक विमानतळावर अखेरचा शब्द तपासणी करणाऱ्यांचा असतो, आणि त्यांच्याशी रांगेत वाद घालण्यासारखा दुसरा मनस्ताप नाही. म्हणून सुया, कात्री सगळे मोठ्या बॅगेत टाकावे. विणलेला भाग असेल, तर सगळ्या टाक्यांतून एक सुती दोरा ओवून सुई काढून घ्यावी, म्हणजे बॅगेत कितीही उलथापालथ झाली तरी टाका सुटत नाही.

चारचौघांत विणायला तिथे संकोच वाटायचे कारण नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरच्या बायका पाठीवर पीटची (दलदलीतून कापून वाळवलेल्या, सरपण म्हणून जाळायच्या मातीची) टोपली घेऊन चालता चालता विणत असत. कमरेच्या चामडी पट्ट्याला घोड्याच्या केसांनी भरलेली, भोके पाडलेली एक गादी असे आणि एक सुई तिच्यात खोचली की ती आपोआप पेलली जाई. त्या बेटांची लोकर एडिंबरोत मिळते. ती घ्यायला यजमानांना बरोबर न्या आणि रंग त्यांनाच निवडू द्या. ते बहुधा करडा निवडतील, पण हरकत नाही. सुई घेताना मात्र नंबर न सांगता मिलिमीटर सांगा. आपल्याकडे अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यांत नंबर वाढतो तशी सुई बारीक होते : आपली आठ नंबरची चार मिलिमीटरची, तर दहा नंबरची सव्वातीन. खुद्द ब्रिटनमध्ये आता मिलिमीटरच चालतात, आणि अमेरिकी नंबर तर उलटे वाढत जातात.

जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. दिवसाचे फिरणे आणि जेवण आटोपल्यावर तासभर मफलर हातात घेतलात, तर कोणाचीच तक्रार येऊ नये. आली, तर त्या दिवशी तो बाजूला ठेवावा.

शाल कपाटात ठेवण्यापूर्वी मात्र नमुन्याची कितवी ओळ झाली आहे ते एका चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी सुईलाच टाचून ठेवा. "लक्षात राहील" म्हणून मी एकदा तशीच गेले होते; परत आल्यावर ओळ शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या आणि शेवटी आठ ओळी उसवाव्या लागल्या.