वाचकांचे प्रश्न: फॉर्म तुमचा, नंबर दुसऱ्याचा

प्रश्न : मी भुदरगड तालुक्यातली. कोल्हापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा फॉर्म झेरॉक्स सेंटरवर भरला. ईमेलही तिथल्या दादांनीच काढून दिला. अर्जात त्रुटी निघून तो परत आला, हे मला मैत्रिणीकडून कळलं. मला मेसेज आलाच नाही आणि पासवर्डही माहीत नाही. काय करू?

उत्तर : फॉर्मवर आणि ईमेलवर बहुधा सेंटरचाच मोबाइल नंबर पडला आहे. शेवटच्या तारखेला रांग लागते, प्रत्येक ओटीपीसाठी थांबायला नको म्हणून तिथे स्वतःचा नंबर टाकायची सवय असते. त्यात लबाडी असेलच असं नाही. पण अर्ज परत आल्याचा निरोप त्या फोनवर जातो आणि इकडे मुदत टळते.

आधी कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचं काम बघणाऱ्यांना गाठून मुदत विचारा. मग स्वतःचा फोन घेऊन सेंटरवर जा आणि ईमेल आधी ताब्यात घ्या. गूगल खात्याच्या 'सिक्युरिटी'मध्ये रिकव्हरी फोन आणि रिकव्हरी ईमेल आपले टाका, त्यांचे काढा. पासवर्ड त्यानंतर बदला. हा क्रम उलटा झाला तर उपयोग नाही, कारण जुना नंबर तसाच राहिला तर 'फरगॉट पासवर्ड' दाबून नवा पासवर्डही बदलता येतो. शेवटी 'युअर डिव्हायसेस'मध्ये आपल्या फोनशिवाय जे दिसेल ते साइन आउट करा. नंबर बदलल्यावरही आठवडाभर गूगल जुन्या नंबरवर कोड पाठवू शकतं, म्हणून आठ दिवसांनी यादी पुन्हा बघा. मग महाडीबीटीचा पासवर्ड बदला आणि प्रोफाइलमध्ये कुणाचा नंबर आहे ते तपासा.

आता तो कॉम्प्युटर. तुमचं आधार, उत्पन्नाचा दाखला, मार्कलिस्ट अजून 'डाउनलोड्स'मध्ये पडून असणार. समोर उभं राहून त्या फाइल शिफ्ट धरून डिलीट करून घ्या. नुसतं डिलीट केलं तर त्या रिसायकल बिनमध्ये राहतात. ब्राउझरने 'सेव्ह पासवर्ड' विचारल्यावर कुणी हो म्हटलं असेल, तर तोही काढायला सांगा. कागद पाठवायला तिथे व्हॉट्सॲप वेब उघडलं होतं का? असेल तर आपल्या फोनवर 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये जाऊन ते बंद करा. ही गोष्ट मुलं हमखास विसरतात, आणि तुमच्या सगळ्या गप्पा त्या स्क्रीनवर उघड्या राहतात.

पुढच्या वेळी कंट्रोल-शिफ्ट-एन दाबून क्रोमची इन्कॉग्निटो विंडो उघडायला सांगा. ती बंद केली की लॉगिन पुसलं जातं, पण डाउनलोड झालेल्या फाइल तशाच राहतात, एवढं लक्षात असू द्या. नुसतं ओळखपत्र म्हणून आधार द्यायचं असेल तिथे मास्क्ड आधार द्या. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात.

प्रश्न : रूमवरचा मित्र म्हणतो, "भावा, नुसतं खातं दे, पैसे येतील-जातील, तुला कमिशन." पासबुक, एटीएम कार्ड आणि एक सिम मागतोय. यात धोका आहे का?

उत्तर : आहे, आणि मोठा आहे. देऊ नका. कुणाला तरी फसवून काढलेली रक्कम माग लागू नये म्हणून अशा भाड्याच्या खात्यांतून भराभर पुढे सरकवतात. ओटीपी हाताशी राहावा म्हणून सिमही मागतात. फसलेल्या माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की पैसे ज्या ज्या खात्यांतून गेले ती गोठवली जाऊ शकतात. तिथे केवायसी तुमची, सही तुमची. तुमची शिष्यवृत्तीही त्याच खात्यात अडकते, आणि चौकशीचं पत्र परराज्यातल्या पोलीस ठाण्यातूनही येऊ शकतं.

दिलं असेल तर आजच कार्ड ब्लॉक करा, सिम बंद करा, बँकेच्या शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्या आणि १९३० ला स्वतःहून कळवा. खात्यात अनोळखी रक्कम आली असेल तर ती कुणाच्याही सांगण्यावरून पुढे पाठवू नका. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत हे सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवर दिसतं. आपलं नसलेलं सिम तिथूनच कळवता येतं.

प्रश्न : मी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन आहे. पावसाळा आला की पुराचे व्हिडिओ सुरू होतात. खरे-खोटे कसे ओळखायचे?

उत्तर : आधी आकडा बघा. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. "पंचगंगेने धोका पातळी ओलांडली" असं लिहिलेल्या मेसेजमध्ये फूट, तारीख आणि वेळ तिन्ही नसतील तर तो ग्रुपवर ठेवू नका. जिल्हा प्रशासनाने दिलेल्या पातळीशी पडताळा.

व्हिडिओ थांबवून दुकानाची पाटी किंवा पूल दिसेल अशा तीन-चार जागी स्क्रीनशॉट घ्या आणि चित्रावरून शोध घेणाऱ्या गूगल लेन्सला द्या. वर चिकटवलेली अक्षरं आधी कापून टाका, नाहीतर लेन्स चित्राऐवजी त्या अक्षरांच्या मागे लागतं. काही सापडलं नाही म्हणजे व्हिडिओ आजचाच, असंही नाही. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी २०१९ लाही आलं आणि २०२१ लाही, त्यामुळे जागा ओळखीची असली तरी वर्ष ओळखता येत नाही. दोन बाणांची खूण असलेला मेसेज निदान पाच हातांतून फिरून आलेला असतो. पूर असेपर्यंत ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग करा. चुकीचं काही गेलंच, तर नुसतं डिलीट करून भागत नाही. ज्यांनी ते पाहिलं त्यांच्यासाठी "हा व्हिडिओ जुना आहे" हे तिथेच लिहा. त्या भरवशावर कुणी गावाकडे निघालेलं असू शकतं.

प्रश्न : स्टेटस तर २४ तासांत जातं. त्याचं एवढं काय?

उत्तर : स्क्रीनशॉट जात नाही. जून २०२३ मध्ये आपल्याच कोल्हापुरात काही आक्षेपार्ह स्टेटसवरून तणाव पेटला आणि इंटरनेट बंद ठेवावं लागलं. समाजांत तेढ वाढवणारा मजकूर टाकल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कट्ट्यावर फोन एकमेकांच्या हातात देणं नेहमीचंच, पण मित्राने गंमत म्हणून टाकलं तरी ते दिसतं तुमच्या नंबरवरून, आणि पहिली विचारणा तुम्हालाच होते. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात 'ॲप लॉक' आहे. ते चालू करा आणि वेळ 'इमिजिएटली' ठेवा.