रक्त दे, पण आईला सांगून

*मावशी, आम्ही विडी घरकुलात राहतो. २०१७ च्या आषाढीला पंढरपूरला गेलेले बाबा परत आलेच नाहीत. मिसिंगची नोंद तेव्हाच केली होती. परवा हवालदारांचा फोन आला. भीमेच्या पात्रात माणसाची हाडं सापडलीत, डीएनएसाठी घरच्यांचं रक्त हवंय. भाऊ म्हणतो, द्यायचं नाही, बाबा जिवंत आहेत. निघायच्या आदल्या रात्री त्याचं बाबांशी मोठं भांडण झालं होतं. आई अजून कुंकू लावते, तिला फोनचं सांगितलेलं नाही. मी एकटीच गुपचूप रक्त देऊन येऊ का? – एक लेक, सोलापूर*

लेकी, रक्त दे. गुपचूप मात्र नको.

भाऊ आला नाही म्हणून काम अडत नाही. बापाकडून फक्त मुलाला मिळणारं वाय गुणसूत्र त्याच्याकडे आहे खरं, पण बाबांचा सख्खा भाऊ असेल तर ते त्याच्याकडेही मिळेल. आणि बापाचं एक्स गुणसूत्र तर लेकीकडेच येतं. खरी गरज आहे आईची. तुझ्या डीएनएतला आईचा वाटा बाजूला काढला की उरतो तो बापाचा, आणि तोच हाडाशी नाहीतर दाताशी ताडून बघतात. आईचा नमुना सोबत असला की निकालाला बळ येतं. शिवाय इतकी वर्षं वाट तिने बघितली आहे. ही बातमी तिला शेजारणीकडून कळली, तर ती तुला कशी माफ करेल?

सांगताना ‘बाबा सापडले’ म्हणू नकोस, ‘बाबा गेले’ही नको. ‘कुणाची तरी हाडं मिळालीत, आपली आहेत का ते बघायचंय,’ एवढंच. कारण खरं तेवढंच आहे. आषाढीला लाखो माणसं येतात, आणि नदी कुठलं कुठे वाहून नेते. हाडं पुरुषाची की बाईची हे डॉक्टर कमरेच्या हाडावरून सांगतात, उंचीचा अंदाज मांडीच्या हाडावरून काढतात. नाव मात्र घरच्यांच्या माहितीवाचून मिळत नाही. म्हणून जाताना बाबांचा दात दिसतील असा हसरा फोटो ने, जुना एक्स-रे असेल तर तोही. कधी पायात पट्टी किंवा सळी बसवली असेल तर ते कागद शोध, त्यावरचा नंबर उपयोगी पडू शकतो. शर्ट कुठल्या टेलरकडे शिवायचे तेही सांग. कॉलरच्या लेबलावरून पोलीस घरापर्यंत पोचल्याची उदाहरणं आहेत.

भावाचं मला वेगळंच वाटतं. डीएनए जुळला, तर ते भांडण शेवटचं ठरेल, याची त्याला धास्ती असावी. त्याच्याशी प्रयोगशाळेवरून वाद घालत बसू नकोस. एकदा त्या रात्रीबद्दल विचार, आईच्या माघारी. नाही बोलला तर राहू दे.

जुळलं नाही, तर एवढंच ठरेल की ही हाडं बाबांची नाहीत. आपल्याकडे बेवारस मृतदेहांच्या डीएनएची देशव्यापी नोंद ठेवणारा कायदा नाही. तसं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं आणि २०२३ मध्ये सरकारने मागे घेतलं. त्यामुळे पुढे अनोळखी मृतदेह मिळाला तर आमचे नमुने त्याच्याशी ताडावेत, असा लेखी अर्ज ठाण्यात दे आणि पोच घे. घराच्या नाहीतर विम्याच्या कागदांसाठी अडून राहू नकोस. सात वर्षं ज्याची कुणाला खबर नाही, तो मृत आहे असं कोर्ट धरू शकतं. साक्ष अधिनियमात आता ते १११ वं कलम आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बायकांना वकील मोफत मिळतो, कमाई कितीही असो.

राहिलं आईचं कुंकू. तिच्या हिशेबात कदाचित जुन्या रूढीप्रमाणे वाट बघायची बारा वर्षं असतील, कायद्याच्या हिशेबात सात आहेत, आणि रिपोर्ट येईल तेव्हा येईल. जुळलं तरी कुंकू ठेवायचं की नाही हे तिचं तिने ठरवायचं. कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्येच विधवेचं कुंकू पुसायची, बांगड्या फोडायची चाल बंद करण्याचा ठराव केला आहे. तुमच्या दारात कुणी बांगड्या फोडायला आलीच, तर तिला चहा पाज आणि परत पाठव.

– मावशी