वाचक विचारतात : घरासाठी आणि अंगावर बाळगण्यासाठी नऊ एमएम की .३२?

शस्त्र परवान्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. पहिला प्रश्न थोड्याफार फरकाने बऱ्याच पत्रांत होता, म्हणून त्याला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : इतवारीत सोन्याचांदीचे दुकान आहे. रात्री दुकान वाढवून माल आणि रोकड घेऊन घरी जावे लागते. नऊ एमएमचे पिस्तूल घ्यायचा विचार आहे. घरासाठी आणि अंगावर ठेवण्यासाठी कोणते मॉडेल चांगले? (एक व्यापारी, इतवारी)

उत्तर : नऊ एमएमचे कोणतेही मॉडेल तुम्हाला नेहमीच्या परवान्यावर घेता येणार नाही. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे २०१६ चे नियम यांत सैन्य-पोलिसांच्या वापरातले नऊ एमएम काडतूस चालवणारे पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे नेहमीच्या परवान्यावर न मिळणाऱ्या नळीच्या मापात, मोडते. .३८ आणि .४५५ ची लष्करी रिव्हॉल्व्हरही त्याच यादीत आहेत. या गटाचा परवाना पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी देत नाहीत. तो केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात असतो आणि जिवाला खरोखर गंभीर धोका असल्याचे सिद्ध झाल्यावरच विचारात घेतला जातो. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनणारे तेरा गोळ्यांच्या मॅगझिनचे नऊ एमएम पिस्तूल आहे, पण ते दलांसाठी आहे. नेहमीच्या परवान्यावर तुमच्यासाठी उरते ते .३२ (नळीचे माप, इंचात).

परदेशी व्हिडिओंत नऊ एमएमची शिफारस होते ती तिथल्या बाजाराकडे पाहून. काडतुसे स्वस्त, सराव भरपूर, मॅगझिन मोठे. इथे त्यातले काहीच लागू पडत नाही. ताकदीचा फरक मात्र खरा आहे, तो लपवून उपयोग नाही. नऊ एमएमच्या गोळीची ऊर्जा .३२ च्या सुमारे अडीचपट असते. म्हणूनच .३२ घेणाऱ्याने नेमावर जास्त मेहनत घेतली पाहिजे.

आणि एक कळकळीची सूचना. "नऊ एमएम मिळवून देतो" असे कोणी सांगत असेल तर तो बेकायदा हत्यारच विकतो आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र नुसते जवळ बाळगले तरी किमान सात आणि कमाल चौदा वर्षांची कैद आहे. शिवाय अशा गावठी हत्याराच्या नळीचे पोलाद, चेंबरचे (काडतूस बसते त्या घराचे) माप, घोड्याची पकड यांपैकी कशाचीच चाचणी झालेली नसते. असे हत्यार पहिल्याच गोळीला मुठीत फुटू शकते.

प्रश्न : मग .३२ मध्ये रिव्हॉल्व्हर घ्यावे की पिस्तूल?

उत्तर : ज्याला महिन्याकाठी नेमबाजीच्या रेंजवर जाणे जमणार नाही, त्याने रिव्हॉल्व्हर घ्यावे. आमचे मत यावर ठाम आहे.

कारण असे. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस वाजले नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचे घर नळीसमोर येते. पिस्तुलात तेच झाले तर मॅगझिनच्या बुडावर थाप मारायची, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) पूर्ण मागे ओढून सोडायची आणि पुन्हा नेम धरायचा. अंधारात, घाबरलेल्या हाताने हे सवयीशिवाय होत नाही. रिव्हॉल्व्हर भरलेले आहे की रिकामे, हे सिलिंडर उघडताच दिसते. पिस्तुलाचे मॅगझिन काढले तरी एक गोळी चेंबरमध्ये राहू शकते, आणि "रिकाम्या" पिस्तुलाने होणारे बहुतेक अपघात इथेच होतात. रिकामे करण्याचा क्रम कधीही बदलू नका : नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड मागे ओढून चेंबरमधली गोळी बाहेर काढा, शेवटी डोळ्याने पाहा आणि करंगळीने चाचपा. आधी स्लाइड ओढून नंतर मॅगझिन काढले, तर पहिली गोळी बाहेर पडते आणि दुसरी तिच्या जागी जाऊन बसते.

पिस्तुलाची आणखी एक खोड फार थोडे विक्रेते सांगतात. .३२ पिस्तुलाच्या काडतुसाच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढे बसली पाहिजे. ती मागे बसली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि स्लाइड कितीही ओढली तरी सुटत नाहीत. म्हणून प्रत्येक काडतूस मागपर्यंत सरकवून भरावे आणि भरून झाल्यावर कडांची रांग बाजूने तपासावी.

पिस्तुलाच्या बाजूनेही बोलले पाहिजे. ते चपटे असते, कपड्याखाली उठून दिसत नाही, आणि त्याचा चाप सहसा हलका असतो. रिव्हॉल्व्हरचा चाप घोडा न चढवता ओढायला चांगलाच जड लागतो, आणि त्या ओढीत नळी बाजूला किंवा खाली जाते. यावर उपाय सोपा आहे. हत्यार दोनदा तपासून पूर्ण रिकामे करा, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा, पक्क्या विटांच्या भिंतीकडे तोंड करून पुढची माशी (नेम धरायचा नळीच्या टोकावरचा उंचवटा) न हलवता चाप ओढण्याचा सराव करा. रोज वीस ओढी पुरतात. मात्र कारखान्याने रिकामा घोडा पाडायला मनाई केली असेल तर डमी काडतुसे वापरा.

रिव्हॉल्व्हरमध्ये कानपूरचे 'निर्भीक' हलके आहे, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. २०२३ मध्ये आलेले 'प्रबळ' सुमारे सातशे ग्रॅमचे आहे आणि त्याचे सिलिंडर बाजूला उघडते, त्यामुळे भरणे-काढणे सोपे जाते. हलके हत्यार बाळगायला सुखाचे, पण धक्का जास्त देते. घरासाठीच असेल तर जड घ्या. पन्नास मीटर पल्ल्याच्या जाहिरातीवरून निवड करू नका, घरातले अंतर पाच-सात मीटरच असते.

प्रश्न : रिव्हॉल्व्हरची आणि पिस्तुलाची .३२ काडतुसे एकच का?

उत्तर : नाही. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब आणि पूर्ण कडेचे, पिस्तुलाचे आखूड. आकडा सारखा दिसतो म्हणून एकाचे दुसऱ्यात घालू नका. खरेदी करताना पेटीवरचे पूर्ण नाव वाचा.

प्रश्न : अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून थेट पिस्तूल मिळते असे ऐकले. खरे आहे का? (एक वाचक, वाडी)

उत्तर : नाही. अंबाझरीत तोफगोळ्यांचे आणि अग्निबाणांचे सुटे भाग अशी मोठी कामे होतात. हातातली शस्त्रे कानपूर, ईशापूर इकडची. परवाना मिळाल्यावर अधिकृत विक्रेत्याकडे चौकशी करा.

प्रश्न : परवान्यासाठी नागपुरात अर्ज कुठे करायचा?

उत्तर : आधी तुमचे पोलीस ठाणे शहर आयुक्तालयात आहे की ग्रामीण पोलिसांकडे, ते पाहा. शहरात परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. अर्जाचा नमुना ए-१. वय किमान एकवीस. सोबत ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, शारीरिक-मानसिक आरोग्याचा दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि एस-१ नमुन्यातले प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र कागदापुरते उरकू नका, शिकायची संधी तीच आहे.

अर्जात गरज नेमकी लिहा. "जिवाला धोका" एवढ्यावर भागत नाही. किती वाजता, कोणत्या रस्त्याने, किती रकमेची ने-आण होते, आधी काही तक्रार नोंदवली असेल तर तिचा क्रमांक, हे सगळे येऊ द्या. परवान्याची मुदत आता पाच वर्षे आहे आणि एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या दोन महिने आधी करा. मुदत संपलेल्या परवान्यावर शस्त्र घरात असणे हाही गुन्हाच.

प्रश्न : स्कूटरने जाताना शस्त्र कसे न्यावे? दिसू द्यावे की लपवावे?

उत्तर : नियमच सांगतो की सार्वजनिक ठिकाणी शस्त्र होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि तुमच्या ताब्यात असले पाहिजे. लोकांना दिसेल असे मिरवणे मनाई आहे, लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडणे तर स्वतंत्र गुन्हा आहे. स्कूटरची डिकी म्हणजे ताबा नव्हे. होल्स्टर चापाचे कडे पूर्ण झाकणारे आणि पट्ट्याला घट्ट बसणारे हवे. विजारीत नुसते खोचलेले रिव्हॉल्व्हर खड्ड्यात उसळी बसली की सरकते, आणि हात आपोआप ते पकडायला जातो, नेमका चापावर. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता वैध आहे तेही वाचून घ्या, छिंदवाडा राज्याबाहेर आहे.

प्रश्न : रात्री घरात चोर शिरला तर गोळी झाडता येते का? (एक गृहिणी, मनीषनगर)

उत्तर : स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. मालमत्तेचे रक्षण करताना समोरच्याचा जीव गेला तरी हा हक्क टिकतो, अशा प्रसंगांच्या कलम ४१ मध्ये सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी येते. पण कलम ३७ ची मर्यादा सगळ्यांवर आहे : गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क उरत नाही. पळणाऱ्याच्या पाठीत झाडलेली गोळी स्वसंरक्षण ठरवणे फार अवघड जाते.

म्हणून आधी सगळ्यांना एका खोलीत घ्या, दार लावा, ११२ ला फोन करा, मोठ्याने सांगा की पोलीस येत आहेत. शस्त्र घेऊन घरभर शोधत फिरू नका. अंधारात समोर आलेला माणूस पाणी प्यायला उठलेला मुलगाही असू शकतो, म्हणून उशाशी टॉर्च हवाच. गोळी प्लायवूडचे दार आणि पातळ फळीची भिंत पार करून जाते. पलीकडे कोण झोपते, हे दिवसा पाहून ठेवा.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या रिव्हॉल्व्हरवर पावसाळ्यात गंज चढला. कपाटातच असते, तरी असे का? ते माझ्या नावावर करून घ्यायचे आहे.

उत्तर : कातडी होल्स्टरमध्ये ठेवले होते का? कातडे ओल धरते आणि ते कमावताना वापरलेली रसायने पोलाद खातात. नागपुरात दुसरे कारण कूलर. एप्रिल-मेमध्ये बाहेर कोरडे असते, पण कूलरच्या खोलीतली हवा दमट होते. कपाट त्या खोलीत नको. शस्त्र होल्स्टरबाहेर, तेलाचा अगदी पातळ थर देऊन, सिलिका जेलच्या पुडीसह लोखंडी तिजोरीत ठेवा, काडतुसे वेगळ्या कुलपात. तेल जास्त झाले की उन्हाळ्यातली धूळ त्याला चिकटते आणि घोडा जड चालतो. वरवरचा गंज पितळी ब्रश आणि तेलाने निघतो. नळीच्या आत खड्डे दिसले तर झाडून पाहू नका, परवानाधारक दुरुस्तीकाराला दाखवा.

नावाबद्दल : परवानाधारकाचे वय सत्तर झाले किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्यांच्याकडे असले, तर हयातीतच कायदेशीर वारसाच्या नावे अर्ज करता येतो. तोवर ते शस्त्र तुम्ही एकट्याने बाहेर नेऊ नका, साफसफाईलासुद्धा.

प्रश्न : काडतुसे किती वर्षे चालतात?

उत्तर : थंड, कोरड्या जागी अनेक वर्षे. मात्र उन्हात उभ्या गाडीच्या कप्प्यात नकोत, आणि काडतुसांना तेलाचा हात लावू नका, कारण टोपीत (बुडाशी असलेल्या, घोड्याच्या ठोक्याने पेटणाऱ्या टिकलीत) तेल झिरपले की काडतूस वाजत नाही. पिस्तुलात रोज तेच काडतूस चेंबरमध्ये घालून काढले तर गोळी हळूहळू आत दबते आणि झाडताना दाब वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभे करून लांबी बघा, आखूड दिसले तर ते न झाडता विक्रेत्याकडे द्या. पेटीवर खरेदीची तारीख लिहा. रेंजवर जाताना जुनी आधी वापरा, आणि परवान्यावरच्या मर्यादेचा हिशेब पावत्यांसह जपा.