जुना झिऑन सर्व्हर प्रोसेसर स्वस्तात मिळतोय. १६ थ्रेड आहेत. लॅपटॉपच्या आय५ पेक्षा तो भारीच पडणार ना?

तुमचा प्रश्न वाचला आणि आमचा मेव्हणा डोळ्यासमोर आला. 'ओळखीतला माणूस ई५-२६७० चा अख्खा सेट देतोय, आठ कोअर, सोळा थ्रेड, त्या पैशांत लॅपटॉप घेतला तर एवढे कुठून मिळणार' असं तुम्ही लिहिलंय. (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला एकेक कामगार, थ्रेड म्हणजे त्याच्या हातातलं एकेक काम; या झिऑनमध्ये एका कोअरला दोन.) २०१८ च्या गणपतीत आमच्या ओटीवर मोदक खाताना तो हेच बोलला होता. ठाण्याला एका कंपनीत तो सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे कॉम्प्युटरच्या बाबतीत त्याच्यापुढे बोलायचं नाही असा आमच्या घरात नियम आहे. नियम अर्थातच त्याच्या बहिणीने केलेला.

मी हर्णैजवळ घरांचे नकाशे काढतो. चिऱ्याच्या भिंती, पुढची पडवी, मागची पडवी, वर कौलं. हल्ली चाकरमान्यांना त्याचा थ्रीडी व्ह्यूपण लागतो, तोही संध्याकाळचं ऊन अंगणात पडलेला. जुना पीसी रडत होता म्हणून मेव्हण्याचं ऐकलं आणि २७ हजार मोजले. त्यात हा झिऑन, चिनी बोर्ड, ३२ जीबी रॅम आणि नुसतं चित्र दिसावं म्हणून एक टुकार ग्राफिक्स कार्ड, कारण या झिऑनला स्वतःचं ग्राफिक्सच नाही. बटण दाबल्यावर स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "गिरण लावलीत की काय?"

पहिल्याच आठवड्यात आंजर्ल्याच्या एका घराचा नकाशा उघडला. भिंतींना चिऱ्याचं हॅच, म्हणजे बारीक रेघांची नक्षी, भरलेलं, त्यामुळे फाईल जड. माऊसचं चाक फिरवलं की पडदा थिजायचा, मी हात काढून बसायचो, मग झटक्यात भलतीकडेच झूम व्हायचं. टास्क मॅनेजर उघडून बघितला तर सीपीयू ६ टक्के. मेव्हण्याला फोन केला. तो खूश! म्हणे, "बघा भावोजी, ६ टक्क्यांतच काम भागतंय. केवढी ताकद शिल्लक आहे!"

आता १०० भागिले १६ करा. सव्वासहा. म्हणजे एक थ्रेड जीव तोडून राबत होता आणि पंधरा बसून होते. मी ज्यात नकाशे काढतो त्या ऑटोकॅडचं रोजचं काम बहुतेक एकाच कोअरवर चालतं. ट्रॉलरवर आठ खलाशी नेलेत आणि पाण्यात एकच गळ सोडलाय, तर बाकीचे सातजण पत्ते कुटणार, दुसरं काय? मासा काही आठपट लवकर लागत नाही.

२०१९ मध्ये मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घेतला, आय५-८२६५यू. एका सुट्टीत तीच फाईल त्याच्यावर उघडून बघितली. मोबाईलवर वेळ लावली होती: झिऑनच्या डब्यावर ३१ सेकंद, लॅपटॉपवर १९. आणि झूम एकदम लोण्यासारखं. मेव्हण्याचं यावर म्हणणं असं की लॅपटॉपवर १.६ गिगाहर्ट्‌झ लिहिलंय आणि झिऑनवर २.६, तेव्हा तुमचं घड्याळच चुकलं असणार. अरे बाबा, तो नुसता पायाचा आकडा. एकाच कोअरवर भार पडला की लॅपटॉप ३.९ पर्यंत चढतो, तुझा झिऑन ३.३ ला थांबतो. शिवाय झिऑन २०१२ चा, लॅपटॉपची चिप २०१८ ची. गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला किती ठोके पडतात ते, आणि मधल्या सहा वर्षांत एका ठोक्यात होणारं कामच वाढलं. ठोके मोजून उपयोग नाही.

सर्व्हरचा प्रोसेसर वाईट असतो असं नाही. तो वेगळ्या धंद्याचा आहे. शेकडो जणांची छोटी छोटी कामं एकाच वेळी, रात्रंदिवस उपसायची, म्हणून कोअर जास्त आणि उष्णतेची मर्यादा सगळ्यांत वाटलेली. आजचा एएमडीचा ईपिक ९९६५ घ्या. १९२ कोअर आणि ५०० वॅट, पण एका कोअरचा वरचा वेग ३.७. लॅपटॉपमधला रायझन एआय ९ एचएक्स ३७० बाराच कोअरचा, पण ५.१ पर्यंत जातो. एकट्या माणसाच्या एकट्या कामाला दुसराच बरा.

आणि माझ्या झिऑनची नुसती चिप ११५ वॅटची. लॅपटॉपची १५. आमच्याकडे जून लागला की लाईटचा भरवसा नाही. ६०० व्हीएच्या यूपीएसवर हा डबा फाईल सेव्ह करण्यापुरता टिकायचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, कौलं उडाली, आंबे-माड आडवे झाले, आणि आमच्या वाडीत लाईट यायला कित्येक दिवस गेले. त्याच दिवसांत जो तो मोडलेल्या घराचं एस्टिमेट मागत होता. शेजारच्यांच्या जनरेटरवर तासभर लॅपटॉप चार्ज करायचा आणि पडवीत बसून काम करायचं. चाळीसेक घरांची एस्टिमेटं मी त्या चार कोअरवर केली. सोळा थ्रेड कोपऱ्यात ताडपत्रीखाली होते.

त्यानंतरच्या पावसात डब्याची एक रॅम गेली. खोडरबरने पाय घासून बघितले, काही झालं नाही. सर्व्हरची रॅम रजिस्टर्ड नावाच्या वेगळ्या जातीची असते, तिच्याजोडीला साधी रॅम चालत नाही. दापोलीत मिळेना, मुंबईहून मागवली आणि नऊ दिवस डबा बंद. खाऱ्या हवेने मागच्या पोर्टांना गंज चढलाय तो वेगळाच.

बरं, तुमचा प्रश्न. तुम्ही काय काम करणार ते लिहिलंच नाहीत. कॉलेज, कोडिंग, कॅड, फोटो असलं असेल तर डोळे मिटून लॅपटॉप घ्या, पंखा आणि बॅटरी धड असलेला. आणखी एक, विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हा झिऑन नाही. आठव्या पिढीचा आय५ आहे.

मात्र थ्रीडी व्ह्यूचं पक्कं चित्र काढायला वी-रे या सॉफ्टवेअरचा रेंडर लावला की आठही कोअर कामाला लागतात आणि तिथे डबा जिंकतो. लॅपटॉप दहा मिनिटांत तापून वेग उतरवतो, डबा रात्रभर त्याच चालीने ओढतो. लाईट असेल तर. चार-पाच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच डब्यात वेगवेगळे कॉम्प्युटर, चालवायची असतील, ६४-१२८ जीबी रॅम लागत असेल, तर तुमचा ओळखीतला माणूस बरोबर बोलतोय. त्या झिऑनला मेमरीचे चार मार्ग आहेत आणि ईसीसी आहे, म्हणजे एखादा बिट उलटला तर तो स्वतः दुरुस्त करतो. हे गुण खरे आहेत, माझ्या नकाशांना लागत नाहीत इतकंच. २०१२ मध्ये दीड हजार डॉलरची असलेली चिप आज भंगाराच्या भावात का मिळते, तेही बघा. तेवढ्याच विजेत नवी चिप कितीतरी जास्त काम काढते, म्हणून डेटा सेंटरवाले जुन्या ढिगाने विकून टाकतात. बिल भरणाऱ्यानेच ती काढून टाकली आहे.

गेल्या शिमग्याला मेव्हणा आला होता. डब्यावरची धूळ झटकली, झाकण उघडलं आणि म्हणाला, "भावोजी, यात ई५-२६९० बसतो. टर्बोत, म्हणजे जोर लावला की, ३.८, आणि १३५ वॅट. स्वस्तात मिळतोय." मी नियमाप्रमाणे गप्प. बायकोच बोलली, "आवाज कमी होईल का रे त्याने?"

तो झाकण लावायला लागला.